एन्ड्युरोजीपी बघू की हार्ड एन्ड्युरो?

ऐरोलीचा आमचा भाचा परवा विचारत होता, मामा एन्ड्युरोत, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या बाइक रेसमध्ये, केटीएमची टीम फॉलो करायचीय पण दोन प्रकारांतलं नेमकं काय बघू, रविवार एकच मिळतो. म्हटलं जाहिराती सोड, समजायला सोपं काय आणि गाडी कुठली एवढंच बघ.

एन्ड्युरोजीपीत रायडर एकामागे एक सुटतात, स्पेशल टेस्टचे, म्हणजे घड्याळ लावलेल्या टप्प्यांचे, टाइम जोडायचे, सगळ्यात कमी टोटलवाला जिंकला. टाइम चेकला, म्हणजे ठरल्या वेळी हजेरी लावायच्या ठिकाणी, लवकर पोचलं तरी पेनल्टी, म्हणजे 8:12 ची लोकल पकडायला 8:10 ला आलात म्हणून दंड! पुढे कोण ते डोळ्यांना दिसतच नाही, आकडे बघत बसायचं.

हार्डमध्ये सरळ हिशोब, आधी पोचेल तो पहिला. ऑस्ट्रियात एर्झबर्गला लोखंडाच्या खाणीत 500 जण सुटतात, वेळ 4 तास, आणि बहुतेक जण पोचतच नाहीत. 2015 ला तर पुढचे चौघे एका चढावर असे अडकले की एकमेकांच्या गाड्या ओढून वर काढल्या, शेवटी चौघंही विजेते. मला तरी असली रेस जास्त आवडते.

गाडीचं म्हणशील तर केटीएमच्या हार्डवाल्या मॅनी लेटेनबिख्लरकडे 300 सीसी टू-स्ट्रोक, 2022 ते 2024 सलग चॅम्पियन. केटीएमच्याच जोसेप गार्सियाने 2024 चं एन्ड्युरोजीपी 250 फोर-स्ट्रोकवर मारलं.

तुला येऊरच्या पायथ्याशी चहा पीत मोबाईलवर थरार बघायचा असेल तर हार्ड, स्वतः चालवायला शिकायचं असेल, स्पीड, लाइन, घड्याळ सांभाळणं, तर जीपीच बघ.