डॉसबॉक्सवर टर्बो सी: कंट्रोल-एफ९ दाबण्याआधी वाचा

नारळाच्या पाडपाचा नि सुपारीच्या वजनाचा हिशेब ठेवणारा, कुणीतरी हौसेने टर्बो सी++ ३.० या डॉसवरच्या जुन्या सी कम्पायलरमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरात अजून सापडेल. नव्या लॅपटॉपवर मात्र तो उघडत नाही. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भागच नाही, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेली नाही. त्यामुळे 'कम्पॅटिबिलिटी मोड'चे पर्याय उलटसुलट करत बसू नका. नव्या संगणकावर जुन्या डॉसचं सोंग उभं करणारा डॉसबॉक्स ०.७४-३ (२०१९) उतरवा. फुकट आहे आणि आकाराने अगदी लहान.

काम चोख करतो, पण तो बनवलाय डॉसवरच्या खेळांसाठी. सगळी कटकट तिथूनच सुरू होते. टर्बो सीत प्रोग्रॅम चालवायची कळ कंट्रोल-एफ९. डॉसबॉक्समध्ये तीच कळ डॉसबॉक्स तिथल्या तिथे बंद करते. विचारत नाही, सेव्ह करत नाही. कंट्रोल-एफ८ने ब्रेकपॉइंट लावायला जावं तर फ्रेमस्किप (गाळल्या जाणाऱ्या चित्रचौकटी) वाढतो आणि पडदा अडखळू लागतो. लोक बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला दोष देतात.

उपाय दोन मिनिटांचा. डॉसबॉक्स उघडल्याबरोबर कंट्रोल-एफ१ दाबा, की-मॅपर (कळांची कामं बदलायचा पडदा) येतो. त्यात 'शटडाऊन'वर क्लिक करून 'डेल', मग फ्रेमस्किपच्या दोन्ही बटणांचं तेच, शेवटी 'सेव्ह' आणि 'एक्झिट'. 'सेव्ह' विसरलात तर पुढच्या वेळी सगळं पहिल्यासारखं. माऊस आत अडकला तर कंट्रोल-एफ१० ने सुटतो.

आता फोल्डर. माउंट करताना, म्हणजे विंडोजमधला फोल्डर डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून जोडताना, टर्बो सीचा फोल्डर आतून सी:\टीसी असाच दिसेल असं बघा. मार्ग बदलला की 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल' येतं. ऑप्शन्स, डिरेक्टरीज इथे इन्क्लूड आणि लिब हे दोन्ही मार्ग दुरुस्त करायचे. फक्त पहिला केला तर कम्पाइल होतं आणि लिंकर सीझिरोएस ऑब्जेक्ट फाइल मिळत नाही म्हणून अडतो. ग्राफिक्सच्या प्रोग्रॅमला इनिटग्राफमध्ये बीजीआय या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फोल्डरचा मार्ग लागतो, आणि त्यात उलटी तिरकी रेघ दोनदा हवी. एकदाच दिली तर तिच्यामागचा 'टी' टॅब होतो नि 'बी' बॅकस्पेस, मग ड्रायव्हर कुठून सापडणार? विंडोजमधून नवी फाइल टाकली आणि आत दिसत नसेल तर कंट्रोल-एफ४. फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा, नाहीतर शेपटीला '~१' लागतं.

खिडकी टिचभर दिसते. कॉन्फिग फाइलमध्ये विंडोरिझोल्यूशन बदलून भागत नाही. आउटपुट 'सरफेस' असेतो ते मानलंच जात नाही. आधी 'ओपनजीएल' करा. वेग ठरवणाऱ्या सायकल्स 'फिक्स्ड २००००' पुरतात. टर्बो पास्कलवाल्यांनी जपून: वेग फार वाढवला की सीआरटी युनिटमधलं डिले मोजणारं भागाकाराचं गणित ओसंडतं आणि 'रनटाइम एरर २००' येतो. सायकल्स उतरवल्या की जातो.

डॉसबॉक्स नापास होतो तो छपाईत. या आवृत्तीत प्रिंटर पोर्टची सोय नाही. देवस्थान समितीच्या पावत्या छापणारा फॉक्सप्रो (जुना डेटाबेस प्रोग्रॅम) चालवायचा असेल तर डॉसबॉक्सचीच वाढवलेली आवृत्ती, डॉसबॉक्स-एक्स, घ्या. त्यात 'पॅरलल१' ला 'प्रिंटर' लिहिलं की छपाई होते. खरा जमाखर्च मात्र रोज पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. खेळाच्या यंत्रावर दप्तर चालवताय, हे विसरू नका.

जुना हिशेब जीसीसी या आजच्या सी कम्पायलरात न्यायचा असेल तर एक खोच आहे. टर्बो सीत 'इंट' दोन बाइटचा, ३२७६७ नंतर नारळ एकदम उणे ३२७६८ होतात. जीसीसीत तो चार बाइटचा. त्यामुळे एफराइटने स्ट्रक्चर जसंच्या तसं लिहिलेली जुनी फाइल तिथे वाचली की आकड्यांची खिचडी होते. १६-बिटचा ठराविक प्रकार वापरा आणि प्रॅग्मा पॅक १ लावा, कारण जीसीसी मधे मोकळे बाइट सोडतो नि टर्बो सी मुळात सोडत नाही. दोन्हीकडे साइझऑफ छापून बघा. आकडा जुळेपर्यंत मूळ फाइलला हात लावू नका.