नंबर रिटायर कधी करायचा? यँकीजची रीत आणि रेड सॉक्सची रीत

छोटा क्लब किंवा मुलांची लीग चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एक माणूस पंधरा-सोळा वर्षं एकाच नंबरने खेळतो, मग गाव सोडतो किंवा गुडघे साथ देईनासे होतात, आणि त्याच्या जर्सीचं काय करायचं हे कुणालाच धड सांगता येत नाही. नंबर रिटायर करायचा, म्हणजे त्याच्या मानासाठी तो पुन्हा कुणालाच द्यायचा नाही, की पुढच्याला द्यायचा? आमच्या रविवार सकाळच्या सॉफ्टबॉल टीममध्ये हा पेच पडला तेव्हा मत द्यायची वेळ माझ्यावरही आली. त्याआधी बेसबॉलच्या मोठ्या टीम, मुख्यतः न्यूयॉर्कचे यँकीज आणि बॉस्टनचे रेड सॉक्स, काय करतात ते मी नीट पाहिलं. माझं घर बॉस्टनजवळ आहे, तेव्हा माझा कल कुठे असेल ते तुम्ही ओळखालच. पण न्यूयॉर्कची बाजू मला वाटली होती त्याहून बरीच भक्कम निघाली, म्हणून आधी तीच मांडतो.

जॅकी रॉबिन्सनचा ४२ यात धरत नाही. १९४७ साली मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधली, वर्णभेदाची भिंत त्याने ओलांडली, १९९७ मध्ये तो नंबर सगळ्या टीमसाठी रिटायर झाला आणि दर १५ एप्रिलला प्रत्येक खेळाडू तोच घालून उतरतो. तिथे दुमत असायचं कारण नाही. प्रश्न आहे तो एका टीमच्या, एका शहराच्या लाडक्यांचा.

यँकीजची रीत मनाला येईल तेव्हा हा मान देण्याची. मुळात बेसबॉलमध्ये ही प्रथाच त्यांनी सुरू केली. १९२९ मध्ये त्यांनी जर्सीवर नंबर घातले ते बॅटिंगच्या क्रमाने. तिसरा बेब रूथ, चौथा लू गेरिग. दहा वर्षांनी गेरिगला असाध्य आजार झाल्याचं कळलं आणि त्याचा ४ रिटायर झाला. १९४१ मध्ये तो गेला. रूथचा ३ मात्र तो टीम सोडून गेल्यावर लगेच जॉर्ज सेलकर्कला मिळाला होता आणि पुढे बरीच वर्षं दुसऱ्यांच्या पाठीवर फिरत राहिला. जून १९४८ मध्ये रूथ शेवटचा यँकी स्टेडियमवर आला, तेव्हा तो रिटायर केला. त्या दिवसाचा पाठमोरा फोटो तुम्ही पाहिला असेल: बॅटीचा काठीसारखा आधार घेतलेला, खांदे उतरलेले, आणि पाठीवर तो ३. दोनच महिन्यांनी रूथ गेला. रॉजर मॅरिसचंही तसंच. १९६१ मध्ये ६१ होमरन मारणारा हा माणूस हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, कधीच गेला नाही. कॅन्सर झालेला असताना, १९८४ मध्ये, त्याचा ९ रिटायर झाला आणि पुढच्या वर्षी तो गेला.

यँकीजच्या बाजूने याहून मोठा मुद्दा मला सापडला नाही. माणूस मैदानावर उभा राहू शकतो तोवर मान द्या. नंतर भिंतीवर आकडा रंगवून त्याच्या बायकोमुलांच्या हाती फ्रेम देण्यात ती गोष्ट नाही.

पण हात सैल सोडला की थांबायचं कुठे ते कळत नाही. २०२२ मध्ये पॉल ओ'नीलचा २१ रिटायर झाला तेव्हा त्यांच्या रिटायर केलेल्या नंबरांची संख्या २२ वर पोचली. १ ते १० मधला एकही नंबर आता यँकीजच्या खेळाडूला मिळत नाही. ॲरन जजच्या पाठीवरचा ९९ हा सरावाच्या शिबिरात नवख्याला दिलेला नंबर. तो त्याने पुढेही ठेवला आणि मोठा केला. जजने तो मोठा केला हे खरंच, पण प्रत्येक पोराला ते जमणार नाही.

मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एकच आहे आणि ते घरगुती आहे. मुलगी दहा वर्षांची असताना तिला दोन्ही मैदानं दाखवली. रेड सॉक्सच्या मैदानावर, फेनवेला, उजवीकडच्या छताखाली नंबर लागलेले आहेत. ती एकेकाकडे बोट दाखवत होती आणि मी प्रत्येकाची काही ना काही गोष्ट सांगू शकलो. यँकीजच्या ब्राँक्समधल्या मैदानावर तीनचार नंबरांपाशी मला खालची पाटी वाचावी लागली. मी बॉस्टनकर आहे, हे त्यातून वजा करायला हवं. तरी त्या संध्याकाळपासून मला वाटत आलंय की रिटायर केलेल्या नंबराची गोष्ट पाटी न वाचता सांगता आली पाहिजे.

आता रेड सॉक्स. त्यांचा नियम वर्षानुवर्षं कडक होता: खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये हवा आणि बॉस्टनकडून किमान दहा वर्षं खेळलेला हवा. त्याआधी तर कारकीर्द बॉस्टनमध्येच संपलेली हवी, अशीही अट होती. नंबर थोडे राहिले ते यामुळेच. कितीतरी वर्षं ९, ४, १ आणि ८ हे चारच होते, आणि रिटायर झाले त्याच क्रमाने टांगलेले. जुने लोक त्यात ९-४-१८ ही तारीख वाचायचे. अमेरिकी पद्धतीने महिना आधी, म्हणजे ४ सप्टेंबर १९१८: त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, सुरू व्हायच्या आदला दिवस. ती जिंकल्यावर २००४ पर्यंत बॉस्टनला दुसरी मिळाली नाही. पुढे ते आकडे चढत्या क्रमाने लावले.

या नियमाची मला न पटणारी बाजू ही की निकाल परक्या हाती जातो. हॉल ऑफ फेमला मत देणारे देशभरचे पत्रकार अख्खी कारकीर्द तोलतात. गावाचं नातं त्यांनी का तोलावं? रेड सॉक्सनाही ते जाणवलं असणार. जॉनी पेस्की कधीच हॉल ऑफ फेममध्ये गेला नाही, पण खेळाडू, मॅनेजर, कोच, समालोचक अशा नाना नात्यांनी तो आयुष्यभर त्या क्लबला धरून राहिला. फेनवेच्या उजवीकडच्या फाउल पोलला (हद्दीच्या खांबाला) लोक पेस्कीज पोल म्हणतात. २००८ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, नियम बाजूला ठेवून त्याचा ६ रिटायर केला. डेव्हिड ऑर्टिझसाठी तर थांबलेच नाहीत: २०१६ मध्ये तो खेळायचा थांबला, २०१७ च्या जूनमध्ये ३४ वर गेला. पेड्रो मार्टिनेझ बॉस्टनकडून सातच सीझन खेळला, तरी त्याचाही नंबर रिटायर झाला. म्हणजे नियम आहे, आणि जिथे अख्खं शहर एका बाजूला आहे तिथे तो वाकवलाही जातो. माझ्या मते हे बरं. नियम असल्यामुळे निदान वाकवताना कारण तरी सांगावं लागतं.

वाट पाहण्याचा फायदा वेड बॉग्जच्या बाबतीत दिसतो. अकरा सीझन बॉस्टनला खेळून हा गडी थेट यँकीजकडे गेला आणि १९९६ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर पोलिसाच्या घोड्यावर बसून यँकी स्टेडियमला फेरी मारून आला. ते चित्र आमच्याकडच्या लोकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं सलत होतं. मधल्या काळात २६ हा नंबर दुसरे खेळाडू घालत होते. शेवटी ब्रॉक होल्टने तो सोडून १२ घेतला आणि २०१६ च्या मे महिन्यात बॉग्जचा २६ वर गेला. तोवर राग निवला होता आणि उरला होता तो फक्त त्याचा खेळ. रागाच्या किंवा प्रेमाच्या भरात घेतलेला निर्णय असा टिकला असता का, मला शंका आहे.

इथवर पारडी जवळजवळ सारखी आहेत. माझं मत जिथे फिरलं ती गोष्ट वेगळीच, आणि ती दोन्हीकडे आहे. ती म्हणजे लोंबकळत ठेवलेला नंबर. रिटायर केलाय असं कुणी म्हणत नाही, आणि देतही नाही.

रॉजर क्लेमेन्स १९९६ नंतर बॉस्टनहून गेला. त्याचा २१ भिंतीवर नाही आणि कुणाच्या पाठीवरही नाही. न्यूयॉर्कचा २१ ओ'नील थांबल्यापासून तसाच पडून होता. २००८ मध्ये लट्रॉय हॉकिन्स या पिचरने तो घेतला, तोही २१ घालूनच खेळलेल्या रोबेर्तो क्लेमेंतेच्या स्मरणार्थ. क्लेमेंते १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेला. ज्याच्यासाठी नंबर घ्यावा असा याहून कोण? पण घरच्याच मैदानावर, घरच्याच लोकांनी हॉकिन्सची हुर्यो उडवली. एप्रिल संपायच्या आत त्याने २२ घेतला. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमचा, मेट्सचा, २४ तर एकदोन अपवाद वगळता जवळजवळ पन्नास वर्षं असा टांगलेला होता. मालकीणबाईंनी विली मेजला शब्द दिला होता, १९७५ मध्ये त्या गेल्या आणि शब्द तसाच राहिला. १९९० मध्ये केल्विन टॉर्व्ह नावाच्या नव्या खेळाडूला कुणीतरी चुकून तो दिला. लोक चिडले आणि बिचाऱ्याला ३९ वर जावं लागलं. मेजचा मान शेवटी २०२२ मध्ये झाला. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनीही फर्नांडो व्हॅलेन्झुएलाचा ३४ हा १९९० नंतर कुणाला दिला नाही, पण रिटायर केला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये फर्नांडो गेला. तेहतीस वर्षं हातात असताना चौदा महिने आधी सुचलं.

आपल्या वाचकांना यातलं काही नवीन वाटणार नाही. ऑगस्ट २०१७, कोलंबो. पालघरचा शार्दूल ठाकूर पहिल्या वनडेला १० नंबर घालून उतरला. जन्मतारखेच्या अंकांची बेरीज करून त्याने तो निवडला होता. सचिनचा नंबर घेतो म्हणून लोकांनी त्याला काय काय ऐकवलं ते आठवत असेलच. पुढे त्याने ५४ घेतला. भारताच्या जर्सीवर १० कुणी घालायचा नाही, असा नियम त्या दिवशी कुठे लिहिलेला होता? मुंबई इंडियन्सनी २०१३ मध्येच त्यांचा १० जाहीरपणे रिटायर केला होता, त्यामुळे तिथे अशी वेळ कुणावर आली नाही.

आमच्या टीममध्ये हेच झालं. नाना सोळा सीझन कॅचर होते, नंबर ८. ते नाशिकला परत गेले तेव्हा आम्ही निरोपाचं जेवण केलं, पण नंबराचं काही ठरवलं नाही. कॅप्टन फक्त ८ देत नसे. तिसऱ्या वर्षी सांगलीचा एक पोरगा आला, एमएस करायला आलेला. त्याने जर्सी स्वतःच छापून आणली होती, ८ ची. पहिल्यांदा बॅटिंगला गेला तेव्हा बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हा नंबर याला कुणी दिला?" त्याला ते ऐकू गेलं. पुढच्या रविवारी तो आला तर ८ च्या आधी पांढऱ्या चिकटपट्टीचा २ लावलेला. फर्स्ट एडच्या पेटीतली पट्टी, कात्रीने कापलेली, २ चा बाक जमावा म्हणून तीन तुकडे जोडलेले. जुलैचा उकाडा होता. पाचव्या इनिंगपर्यंत घामाने त्या पट्टीची कड सुटली आणि धावताना तो २ एका कोपऱ्यावर फडफडायला लागला. तो दर वेळी हात मागे नेऊन ती दाबत होता. मी तिसऱ्या बेसवर उभा होतो आणि मला ते बघवेना.

त्या रात्री नानांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, तो नंबर म्हणजे काय माझ्या नावावरचा सातबारा आहे का? दे त्या पोराला. आणि कॅचरला उभं कर त्याला."

नंतर लक्षात आलं की ही तिसरी वाट यँकीजच्याच इतिहासात आहे. त्यांचा ८ दोघांच्या नावे रिटायर झालाय, बिल डिकी आणि योगी बेरा. दोघेही कॅचर. डिकीनंतर बेराने तो नंबर घेतला, डिकीनेच कोच म्हणून त्याला घडवलं आणि १९७२ मध्ये दोघांचा मान एकत्र झाला. सिअ‍ॅटलमध्ये रँडी जॉन्सनचा ५१ इचिरोला मिळाला, तेव्हा नंबराला कमीपणा आणणार नाही असा निरोप त्याने जॉन्सनला पाठवला होता. २०२५ मध्ये इचिरोचा ५१ रिटायर झाला, आणि जॉन्सनचाही २०२६ मध्ये करायचं क्लबने जाहीर केलं. जपानच्या याकुल्ट स्वॅलोजमध्ये तर १ नंबर हा वारसाच मानतात: वाकामात्सु, इकेयामा, इवामुरा, आओकी, यामादा. लायक माणूस मिळेपर्यंत तो रिकामा ठेवतात, पण रिकामा का आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आओकी अमेरिकेत खेळून २०१८ मध्ये परतला तेव्हा १ यामादाकडे होता. आओकीने २३ घेतला, जो १ मिळायच्या आधी त्या दोघांनीही घातलेला होता.

आमच्या कमिटीत दोन जण यँकीजच्या बाजूचे होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: नाना आहेत तोवर मान द्या. मी थांबण्याच्या बाजूने बोललो, पण तारीख लावून. ठरलं ते असं. माणूस टीम सोडून गेला की नंबर दोन सीझन विश्रांतीला. तो विश्रांतीला आहे हे वहीत लिहायचं आणि सगळ्यांना सांगायचं. दोन सीझन झाले की मतदान: रिटायर करायचा, नाहीतर त्या माणसाला विचारून पुढच्याला द्यायचा. कुणी आजारी असेल किंवा वय झालं असेल तर दोन सीझनची अट नाही, लगेच बोलवायचं.

मोठ्या टीमला हे जसंच्या तसं लागू होईल असा माझा दावा नाही. त्यांच्याकडे तिकिटं आहेत, जाहिराती आहेत, पन्नास हजार लोकांचा आवाज आहे. तुमच्याकडे पुरेसे नंबर असतील आणि माणूस डोळ्यांसमोर असताना मान देण्याची घाई असेल, तर यँकीजच्या रीतीने जा, त्यात पश्चात्तापाची वेळ क्वचितच येईल. मी बॉस्टनच्या बाजूने जाईन, त्यांचा तो २१ सोडून.

नानांचा ८ रिटायर झाला नाही. सांगलीचा पोरगा आता तोच घालतो, आणि कॅचरच आहे. पट्टीचा गोंद नीट निघाला नाही, त्यामुळे आकड्याच्या डावीकडे अजून एक फिका डाग आहे. मागच्या वर्षी १५ नंबरवाले आमचे पिचर थांबले. वहीत त्यांच्या नावापुढे मतदानाची तारीख लिहिलेली आहे, पुढच्या एप्रिलचा पहिला रविवार.