पोनीच्या भरतकामाच्या सुया: पाकीट नंबर बघूनच घ्या

हातभरतासाठी मी वर्षानुवर्षं पोनीच्याच सुया वापरते आणि शिकायला येणाऱ्या मुलींनाही त्याच घ्यायला लावते. सुया आपल्याकडच्याच, नीलगिरीतल्या नीडल इंडस्ट्रीज या कंपनीच्या. टोक चांगलं, नेढं स्वच्छ आणि किंमत अशी की सुई बोथट झाली तर टाकून देताना जीव तुटत नाही. माझी तक्रार सुईबद्दल नाही, आपण ती विकत कशी घेतो त्याबद्दल आहे.

दुकानात नुसतं "भरतकामाची सुई द्या" म्हटलं की बहुतेक वेळा पुढ्यात मिक्स पाकीट येतं, 3 ते 9 नंबरचं. हे घेऊ नका. त्यात प्रत्येक नंबरच्या दोन-चारच सुया असतात. ब्लाउजच्या कामाला लागणाऱ्या बारीक सुया भराभर संपतात आणि जाड्या तशाच पडून राहतात. शिवाय काळ्या कागदातून एकदा बाहेर काढल्यावर 7 कुठली आणि 8 कुठली हे भल्याभल्यांना नजरेनं सांगता येत नाही. कुठल्याही कंपनीच्या मिक्स पाकिटाचं हेच होतं. त्यापेक्षा एका नंबरचं एक अशी तीन पाकिटं घ्या: 9, 7 आणि 3. पाकिटावर 'क्रूएल' लिहिलेलं हवं. साध्या शिवणाच्या सुईचं नेढं बारीक आणि गोल असतं, क्रूएलचं लांबट असतं, त्यात दोऱ्याचे दोन-तीन पदर शेजारी शेजारी बसतात. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक.

माझा हिशोब असा. अँकरच्या लडीचा दोरा सहा पदरी असतो. एक पदर असेल तर 10 नंबर, दोन पदरांना 9, तीनला 7, चारला 5 आणि अख्खे सहा पदर ओवायचे तर 3. कापड फार घट्ट विणीचं असेल तर एखादा नंबर इकडे-तिकडे.

आता मुख्य मुद्दा. "ताई, हा दोरा खराब निघाला, केसाळ होतोय," हे वाक्य माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक नवी मुलगी म्हणते. दहातल्या नऊ वेळा दोरा उत्तम असतो. परवाच एकीचं खणावर पान भरायचं काम चाललं होतं. तीन पदर, 10 नंबरची सुई. तीन पदर त्या नेढ्यात तिनं कसेबसे कोंबले होते. सुई खणातून ओढताना दर वेळी बारीक 'टक्' आवाज यायचा आणि शेवटी हिसका द्यावा लागायचा. अर्ध्या पानातच नेढ्यापाशी दोऱ्याची चमक गेली, तंतू उभे राहिले. कारण सरळ आहे: नेढ्याजवळ दोरा दुहेरी असतो. त्या दुहेरी दोऱ्याला वाट करून द्यायचं काम सुईचं. सुईनं पाडलेलं भोक लहान असेल तर दर टाक्याला कापडच दोरा खरवडतं. तिच्या हातात 7 नंबर दिला, लडी तीच, कापड तेच. आवाज बंद झाला आणि पानाचा उरलेला भाग असा तकतकीत आला की पहिला अर्धा तिनं स्वतःहून उसवला.

उलट चूकही तितकीच वाईट. सुई गरजेपेक्षा जाड असली तर टाक्याच्या दोन्ही टोकांना भोकं दिसतात. सुती कापडावर नखानं हलकं घासलं किंवा एक धुणं झालं की ती बुजतात. पैठणीच्या ब्लाउजपीसवर मात्र ती बुजतीलच असं नाही. म्हणून रेशमावर मी आधी कडेच्या शिवणीत जाणाऱ्या भागात दोन टाके घालून बघते, मगच मोराला हात लावते.

ओवताना त्रास होत असेल तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूनं ओवून बघा. नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे दोन्ही बाजू बरेचदा सारख्या गुळगुळीत नसतात. दोरा तोंडात धरून ओला करायची सवयही सोडा. ओला दोरा फुगतो. टोक ताजं कापा, सुईवरून दुमडून चिमटीत घट्ट दाबा आणि ती दुमड नेढ्यात घाला. ओला करायचाच तर नेढ्याला बोटानं पाण्याचा थेंब लावा. काम करताना दोऱ्याला पीळ पडला तर सुई कापडाखाली मोकळी लोंबू द्या, पीळ आपोआप सुटतो.

बुलियनचे, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन होणारे गुलाब करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण तिथे क्रूएल सुई खरोखरच कामाची नाही. तिचा नेढ्याकडचा भाग दांडीपेक्षा फुगीर असतो. सात-आठ वेढे घेतले की ते बरोबर त्या फुगवट्यापाशी अडतात, मग ओढाताण आणि शेवटी गुंता. इथे मिलिनर सुई हवी, काही पाकिटांवर 'स्ट्रॉ' असं लिहिलेलं असतं. ती लांब असते आणि नेढ्यापासून खालपर्यंत साधारण एकाच जाडीची, वेढे त्यावरून सरसर उतरतात. गाठीच्या टाक्यालाही तीच बरी. पोनीत ती मिळते, पण दुकानदाराला नाव घेऊन मागावी लागते.

मॅटी किंवा ऐडा अशा चौकटी विणीच्या कापडावर घरं मोजून काम करत असाल तर बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई घ्या, म्हणजे कापडाचा धागा फाटत नाही. 14 काउंटच्या (इंचाला 14 घरं) ऐडाला 24 नंबर, 18 काउंटला 26. जाड पर्ल दोऱ्याला (हा पिळाचा, पदर न सुटणारा असतो) मात्र मोठ्या नेढ्याची, अणकुचीदार शनील सुई लागते.

गंजाबद्दल बोलायलाच हवं, कारण मी चिपळूणची. आमच्याकडे जूनपासून चार महिने हवेतच पाणी असतं. कुठलीही पोलादी सुई इथे बेफिकिरीनं ठेवली तर काळी पडते, मग ती कितीही महाग असो. पाकिटं मी झाकणाच्या डबीत ठेवते, सोबत औषधांच्या बाटलीत येते ती सिलिकाची पुडी. टोचून ठेवायला लोकरी कापडाचा तुकडा, फोम नाही, फोम ओल धरून ठेवतो. आणि काम बाजूला ठेवताना सुई कापडात टोचून उठू नका. गंजाचा तांबूस ठिपका रेशमावरून निघणं फार कठीण असतं. हाताला घाम येत असेल तर सुई कापडातून जाताना चिकटायला लागते. अशा वेळी ती एमरी पूड (घासून साफ करणारी खरखरीत पूड) भरलेल्या छोट्या गादीत चार-पाचदा खुपसून काढा. मुलामाच गेला असेल तर सरळ टाकून द्या. निकेलनं बोटांना खाज येणाऱ्यांनी पूर्ण सोनेरी मुलाम्याची सुई शोधावी. नुसतं नेढं सोनेरी असलेली असते, तिचा खाजेसाठी उपयोग नाही, कारण बोटात आपण दांडी धरतो.

आठवडी बाजारात बिननावाच्या कागदात सुया मिळतात, त्या भरतकामाला घेऊ नका. मी आणलेल्या एका पुडीतल्या सुयांच्या नेढ्याला आतून कंगोरा होता, दोरा हातभर अंतरावर तुटायचा. कुठलीही नवी सुई जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून अलगद फिरवून बघा, टोकाला खरखर असेल तर ती लगेच अडकते. वाकलेली सुईही ठेवू नका. काचेवर लोळवली की वाक कळतो, आणि वाकड्या सुईनं साखळी टाका कधीच सरळ रेषेत येत नाही.

जपानमधल्या हिरोशिमाच्या ट्युलिप कंपनीच्या सुया बुचाच्या छोट्या काचनळीत येतात. माझ्याकडे त्यांची 9 नंबरची एक नळी आहे. हाताला फरक कळतो, विशेषतः दिवसभर रेशमावर काम असेल तेव्हा: सुई कापडातून जाताना जोर लागत नाही. पण किंमत पोनीच्या कितीतरी पट. ऑर्डरी घेणाऱ्या बाईला परवडेल, शिकणारीनं इतक्यात त्या वाटेला जाऊ नये.

आमच्या गावात एका नंबरची पाकिटं सहसा मिळत नाहीत. पुण्याला जाणं झालं की मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाते आणि वर्षाचा साठा घेऊन येते. नेटवर मागवणार असाल तर फोटोवर जाऊ नका, सगळी पाकिटं दिसायला सारखीच असतात. खाली बारीक अक्षरात 'क्रूएल' आणि एकच नंबर आहे ना, ते वाचा. '3/9' असं दिसलं तर ते मिक्स पाकीट आहे.