सात महिन्यांनंतर: शेवंतीसाठी घेतलेला १०० वॅटचा ग्रो लाइट आणि त्याच्यासोबत आलेला टायमर

या दिव्याला मी जुलैत पाच तारे दिले होते, सप्टेंबरात संतापून एकावर आणले आणि आज चार देत आहे. या चढउताराचे कारण दिवा नसून त्याच्या खोक्यातून आलेला, फिरत्या चकतीवर खुंट्या असलेला टायमर आहे. म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्या टायमरविषयीच आहे. दिव्याची मापे आणि डायोडांची संख्या विक्रीच्या पानावर दिलेलीच असल्याने ती इथे पुन्हा लिहीत नाही.

आमची सदनिका पुण्यात, सिंहगड रस्त्यावर आहे. गावच्या परसातल्या शेवंतीची माळ घटाला वाहायची आईची सवय शहरात आल्यावर सुटली होती, ती यंदा घरच्याच फुलांनी पुन्हा सुरू करावी एवढ्यासाठी हा खर्च केला. जूनच्या मध्यावर पूर्णिमा आणि राजा या दोन जातींची मुळे फुटलेली वीस रोपे आणली. पूर्वेच्या खिडकीच्या खोलीत दिव्याखाली चौदाच कुंड्या मावल्या, म्हणून उरलेल्या सहा गॅलरीत ठेवल्या. या सहा कुंड्या पुढे फार उपयोगी पडल्या.

दिव्यावर ‘व्हेज’ आणि ‘ब्लूम’ अशी दोन बटणे आहेत आणि सोबतच्या पत्रकात वाढीसाठी अठरा तास उजेड व सहा तास काळोख, फुलांसाठी बारा-बारा, असे वेळापत्रक छापले आहे. हे वेळापत्रक मूळचे परदेशात घरात गांजा लावणाऱ्यांचे आहे. कॅनडाच्या बहुतेक भागांत ऑक्टोबर २०१८ पासून आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढांना स्वतःपुरती मोजकी झाडे लावता येतात आणि असे दिवे मुख्यतः त्याच गरजेतून घडले. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्याशिवाय ती लागवड गुन्हा आहे, त्यामुळे इथे दिवा घेणाऱ्याने ते पत्रक आपल्या पिकाशी ताडूनच वाचले पाहिजे. सुदैवाने गांजा आणि शेवंती दोन्ही लहान दिवसाची झाडे आहेत: रात्र छोटी असेपर्यंत ती फांद्या-पाने वाढवतात आणि सलग काळोखाची लांबी ठरावीक मर्यादेपुढे गेली की कळी धरतात. मात्र शेवंतीला पानांच्या वाढीसाठी अठरा तास उजेड लागत नाही, सोळा तासही पुरतात. शंभर वॅटचा दिवा रोज अठरा तास चालवला तर महिन्याला ५४ युनिटे जातात आणि वीजबिलात शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढचे दर चढतात; पत्रकावर विसंबून पहिले सात आठवडे मी अठराच तास ठेवले, याची हळहळ अजून वाटते.

शाखीय वाढीच्या काळात दिव्याने उत्तम काम केले. पांढऱ्या-निळसर उजेडात पेरी आखूड राहिली, पाने जाड आणि गर्द झाली, आणि चौथ्या आठवड्यात शेंडे खुडल्यावर प्रत्येक रोपाला चार-पाच जोमदार फांद्या आल्या. गॅलरीतली रोपे पावसाळी ढगाळ उजेडात त्यांच्यासमोर किडकिडीत दिसत होती. पाच तारे मी त्याच आठवड्यात दिले आणि त्या टप्प्यापुरते ते मत आजही कायम आहे.

५ ऑगस्टला मी ‘ब्लूम’चे बटण लावले आणि टायमरच्या खुंट्या सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहा अशा बसवल्या. खिडकीला साधाच पडदा असल्याने खरा काळोख सूर्यास्तानंतर, सात-सव्वासातला सुरू होई आणि पहाटे सहाच्या सुमारास संपे. शेवंतीला तेवढा अकरा तासांचा काळोख पुरतो. या दोन जातींना आठ-नऊ आठवडे धरले तर नवरात्रात फुले मिळायला हवी होती. तीन आठवड्यांत शेंड्यांवर मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या आणि तिथेच थांबल्या. नंतर एक विचित्र गोष्ट घडली. कळीखाली येणारी नवी पाने अरुंद, लांबट आणि कडेला कातर नसलेली निघू लागली, आणि कळीच्या बगलेतून फुलाऐवजी पुन्हा पानांचे फुटवे येऊ लागले. झाड फुलोऱ्यात जाता जाता मागे फिरल्याची ही खूण आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मी पालाश वाढवले, नत्र बंद केले, मावा शोधला, दिवा ४५ सेंटिमीटरांवरून ३० वर आणला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येतो असे वाटून प्रत्येक शेंड्यावर रात्री काळ्या कागदाची टोपी घातली, आणि तीही वाया गेली, कारण रात्रीची लांबी कळीला नव्हे तर पानांना कळते. १९३० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी हे शेवंतीवरच दाखवले होते: खालच्या पानांना लहान दिवस मिळाला की निष्पर्ण शेंड्यावर मोठा दिवस असूनही फूल येते. दिव्यातले लाल डायोड निकृष्ट असणार, या निष्कर्षावर मी आलो आणि एका ताऱ्याचा अभिप्राय लिहिला. तो अन्यायाचा होता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गॅलरीतल्या सहा किडकिडीत रोपांवर वाटाण्याएवढ्या कळ्या लगडल्या होत्या. त्यांना खत कमी, ऊन कमी, दिवा तर नाहीच. आईने सरळ विचारले, “अरे, बाहेरच्यांना जे मिळतंय ते आतल्यांना का मिळत नाही?” त्या रात्री दहाला दहा मिनिटे कमी असताना मी खोलीत गेलो, तर दिवा लख्ख चालू होता.

या टायमरची चकती विजेवर फिरते आणि वीज गेली की जिथल्या तिथे थांबते. त्याच्या आत बॅटरीही नाही आणि वेळ धरून ठेवणारी दुसरी सोयही नाही. पावसाळ्यात आमच्या भागात कधी अर्धा तास, कधी दोन तास वीज जाते. तेवढा वेळ चकती मागे पडत गेली आणि सात आठवड्यांत ती साडेतीन तासांनी मागे राहिली. दिवा रात्री दहापर्यंत जळत होता आणि पहाटे सहाला खिडकीतून उजाडत होते, म्हणजे झाडांना मिळणारी रात्र आठ तासांवर आली होती आणि त्यांच्या लेखी अजून भर उन्हाळा होता. दिवा नसताच, तर सप्टेंबरच्या नैसर्गिक रात्रीत ती चौदाही रोपे गॅलरीतल्यांसारखी फुलली असती. वाढीच्या काळात हा दोष लपून राहिला, कारण तेव्हा रात्र लहान असण्याने काहीच बिघडत नाही.

विक्रेत्याकडे तक्रार केली. “साहेब, टायमर फुकट दिलेला आहे, त्याला वॉरंटी नाही,” हे उत्तर मला तीन वेळा मिळाले. पावतीवर मात्र दिवा आणि टायमर मिळून ६,४०० रुपये असे लिहिले आहे, आणि तेच मी दाखवत राहिलो. माझी मागणी पैशांची नव्हतीच. वीज गेल्यास वेळ पुन्हा लावावी, एवढे एक वाक्य त्यांनी मराठीत किंवा हिंदीत खोक्यावर छापावे, असे मी लिहून दिले. त्यावर अद्याप उत्तर नाही.

आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर मी ४५० रुपयांना आणला. त्याची वेळ आजपर्यंत एका मिनिटानेही चुकलेली नाही. नवरात्र हातचे गेले; घटाला बाजारातलीच माळ घातली. गॅलरीतली फुले दिवाळीआधी आली आणि आतल्या चौदा कुंड्या नोव्हेंबरच्या मध्यावर फुलल्या. तेव्हा दिव्याची खरी किंमत कळली: गॅलरीतल्या रोपावर सरासरी नऊ फुले होती, तर आतल्या प्रत्येकावर तिसाच्या वर, देठ ताठ आणि पूर्णिमेचा पांढरा रंग निर्मळ. मागे फिरलेल्या फांद्यांवरची फुले तेवढी वेडीवाकडी आली.

आता जानेवारी आहे. फुललेले दांडे बुंध्यापासून छाटले असून मातीतून काश्या, म्हणजे बुंध्याजवळचे नवे फुटवे, वर आल्या आहेत. पुण्यात या दिवसांत दिवस अकरा तासांचाच असतो, त्यामुळे उजेड वाढवला नाही तर त्या वीतभर होण्याआधीच कळी धरतील. मात्र त्यासाठी शंभर वॅट जाळायची गरज नाही. कुंड्या गॅलरीत उन्हाला ठेवून रात्री दहा ते दोन साधा नऊ वॅटचा बल्ब लावला की लांबलचक रात्रीचे दोन छोटे तुकडे होतात आणि झाडे पानांच्याच वाढीत राहतात; मोठ्या प्रमाणावर शेवंती घेणारे शेतकरीही याच पद्धतीने बल्ब लावतात. याला महिन्याला जेमतेम एक युनिट लागते. मोठा दिवा पावसाळी ढगांसाठी खोक्यात घालून ठेवला आहे, आणि जुन्या टायमरवर ‘वीज गेल्यास थांबतो’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.