लर्निंगचं पक्कं लायसन्स झालं: घरचीच गाडी द्यायची की तिच्या नावावर वेगळी घ्यायची?

मुलीचं पक्कं लायसन्स आलं की पालक दोन गोष्टी हमखास विचारतात. पॉलिसीत तिचं नाव टाकावं लागेल का? हप्ता वाढेल का? नेहमीच्या कार पॉलिसीत दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी, तिची आजची किंमत काय, नोंदणी कुठली, यावर हप्ता ठरतो. स्टिअरिंगवर बसणाऱ्याचं वय किंवा लायसन्स किती दिवसांचं, हे त्यात येत नाही.

हा गोंधळ बऱ्याचदा परदेशातल्या नातेवाइकांशी बोलून होतो. ब्रिटनमध्ये कोण चालवणार यावर हप्ता ठरतो. तिथे शिकाऊ चालकासाठी घेतलेली तात्पुरती पॉलिसी टेस्ट पास होताच लागू राहत नाही आणि नवी घ्यावी लागते. नागपुरात तसं काही करावं लागत नाही. तरीही लर्निंग आणि पक्कं यांत फरक आहे. तो क्लेमच्या वेळी समोर येतो.

लर्निंगवर असतानाही विमा लागू असतो, पण अट असते. पॉलिसीत चालकासंबंधी एक कलम असतं आणि ते केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ३ कडे बोट दाखवतं. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी, तीही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेली. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच असावं, असं नियमात लिहिलेलं आहे. काचेच्या कोपऱ्यातला बोटभर स्टिकर त्यात बसत नाही. रविवारी सकाळी मिहानच्या मोकळ्या रस्त्यावर मुलगी चालवते आणि शेजारी लायसन्स नसलेला धाकटा भाऊ बसतो, तेव्हा ही अट मोडलेली असते. अशा वेळी गाडी ठोकली तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. कोणी जखमी झालं तर प्रकरण फार पुढे जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात लर्निंग लायसन्स हेही वैध लायसन्स मानलं. पण त्याच निकालाप्रमाणे, मालकाने अट मोडल्याचं सिद्ध झालं तर कंपनी पीडिताला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यासाठी घर विकायची वेळ येऊ शकते, म्हणून हे मी प्रत्येक पालकाला बसवून सांगतो.

पक्कं लायसन्स आल्यावर ही अट जाते, मुलगी एकटी चालवू शकते. फक्त आरटीओच्या ट्रॅकवर पास झाली, त्या संध्याकाळी लगेच एकटीच्या हाती किल्ली देऊ नका. डिजीलॉकरमध्ये लायसन्स दिसेपर्यंत ती लर्निंगवरच आहे असं धरा आणि 'एल' तसाच राहू द्या. क्लेम फॉर्ममध्ये अपघाताच्या वेळी चालक कोण होता, त्याचं लायसन्स कधीचं आणि कोणत्या वर्गाचं, हे सगळं लिहावं लागतं. लायसन्सवर फक्त टू-व्हीलरचा वर्ग असेल तर कारसाठी ते चालत नाही.

आता पैशांचं बघू. पुढच्या हिशोबात बाकी आकडे समजा म्हणून घेतले आहेत, थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्याचा, दर तेवढा सरकारी आहे. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला जून २०२२ मध्ये लागू झालेला तो दर ३,४१६ रुपये. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीचा, हप्ता समजा ८,००० आहे. बाबांनी सलग पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही, म्हणून ५० टक्के नो क्लेम बोनस मिळून तो ४,००० होतो. १८ टक्के जीएसटीसह बाबांना साधारण ८,७५१ भरावे लागतात. तशीच गाडी मुलीच्या नावावर असली तर तिचा बोनस शून्य, म्हणून १३,४७१. वर्षाला ४,७२० चा फरक. बोनस गाडीबरोबर जात नाही, मालकाबरोबर राहतो, आणि वडील हयात असताना तो मुलीला देता येत नाही.

एवढं पाहिलं तर घरची गाडी स्वस्त. पण नवा चालक पहिल्या वर्षी बंपर घासतोच. धरमपेठेत पार्किंग करताना समोरचा बंपर फुटला, भाग ६,००० रुपयांचा. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे राहिले ३,०००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची कपात. मजुरी सोडून हाती येतात २,०००. त्यापायी पुढच्या वर्षी बाबांचा ५० टक्के बोनस शून्यावर येतो, म्हणजे ४,००० अधिक जीएसटी. पुन्हा ५० ला पोचायला २०, २५, ३५, ४५ असं पायरी-पायरीने चढावं लागतं. घसारा न कापणारं झीरो डेप कव्हर असेल तर बंपरचे जास्त मिळतील, पण क्लेम घेतल्याने बोनस जातोच. म्हणून बाबांच्या पॉलिसीत बोनस संरक्षणाचं अ‍ॅड-ऑन (जादा हप्ता भरून घ्यायचं जोड-कव्हर) घ्या, आणि घासाघासीचे पाच-सहा हजार खिशातून द्या. मुलीच्या नावावर गाडी असली तर ठोक तिच्याच बोनसवर येते, बाबांचा सुरक्षित राहतो.

आता ज्या मुद्द्याकडे लोक बघतच नाहीत तो. पॉलिसीसोबतचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात कव्हर मालक-चालकाचा असतो. गाडी बाबांच्या नावावर असताना बुटीबोरीच्या रस्त्यावर मुलीचा अपघात झाला, तर या १५ लाखांतलं तिला काहीही मिळत नाही. थर्ड पार्टीतही ती बसत नाही, कारण दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे. तिच्या नावावर गाडी आणि पक्कं लायसन्स असेल तर हे १५ लाख तिचे. लर्निंगवर असतानाच गाडी नावावर घेणार असाल, तर हा कव्हर लागू आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या.

बाबांची जुनी गाडीच मुलीच्या नावे करायची, हा तिसरा मार्ग. गाडी मुलीच्या नावे केल्याच्या तारखेपासून १४ दिवसांत पॉलिसीवरही नाव बदलायला अर्ज करा. उरलेल्या मुदतीचा बोनस-फरक भरावा लागेल. बाबांनी आपल्या बोनसचं पत्र कंपनीकडून घेऊन ठेवावं, तीन वर्षांत नवी गाडी घेतली तर ते चालतं.

माझं मत विचाराल तर गाडी आठवड्यातून एक-दोनदा हाती येणार असेल तर घरचीच ठेवा, आणि मुलीसाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. ती पॉलिसी अ‍ॅक्टिव्हावरही तिच्यासोबत असते. रोज हिंगणा एमआयडीसी किंवा बुटीबोरीला एकटीने जायचं असेल तर वरचे चार-पाच हजार सोसा आणि गाडी तिच्या नावावर घ्या. नोकरी पुण्याला लागणार असेल आणि गाडी आताच घ्यायची असेल, तर नोंदणीचं शहर बघा. ओन डॅमेजच्या जुन्या दरपत्रकात पुणे महाग 'अ' विभागात आहे आणि नागपूर 'ब' मध्ये.

यांपैकी काहीही निवडलं तरी इंजिन संरक्षणाचं अ‍ॅड-ऑन घ्याच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी नागपूरच्या वस्त्यांत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या उभ्या जागी बुडाल्या. पाण्यातली गाडी सुरू करून पाहिली तर इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते निकामी होतं, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. नव्या चालकाला हे आधीच सांगून ठेवा: पाणी चढलं असेल तर किल्ली फिरवायची नाही, टोइंगला फोन करायचा.