काचेच्या निगेटिव्हसाठी फोर-फ्लॅप लिफाफा: घेताना काय पाहावे, वापरताना काय जपावे

फोर-फ्लॅप म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा कापलेला कागद. मधल्या चौकटीत काचेची निगेटिव्ह ठेवायची आणि चारी पाकळ्या एकेक करून तिच्यावर दुमडायच्या. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, जोड नाही. फोटोग्राफीच्या संग्रहालयांत, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या भांडारात, काचेच्या प्लेट्सना आज बहुतेक हाच लिफाफा घालतात. आमच्या मते तो मान त्याने कमावलेला आहे. पण या नावाने विकला जाणारा प्रत्येक कागद त्या लायकीचा नसतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

साध्या पाकिटात प्लेट सरकवावी लागते. आत घालताना एकदा, बाहेर काढताना एकदा, असे प्रत्येक वेळी इमल्शन, म्हणजे काचेवरचा चांदीची प्रतिमा धरणारा थर, कागदावर घासते. जुन्या ड्राय प्लेटमध्ये, म्हणजे जिलेटिनच्या थरात प्रतिमा असलेल्या काचेवर, ते जिलेटिन आधी काठाला सुटते. तो सुटलेला काठ पाकिटाच्या तोंडाशी अडकला की पापुद्रा निघतो, आणि त्या पापुद्र्यावर कदाचित कोणाचा तरी चेहरा असतो. फोर-फ्लॅपमध्ये प्लेट जागची हलत नाही, पाकळ्या तेवढ्या उघडतात.

दुसरा फायदा जोड नसण्याचा. जुन्या स्टुडिओतल्या प्लेट्सवर मधोमध उभा पिवळट पट्टा दिसतो, तो बहुधा पाकिटाच्या जोडाचा असतो. जोडाचा डिंक हवेतले पाणी ओढतो आणि नेमक्या त्या रेषेत चांदीची प्रतिमा खराब होते. ग्लासीनची, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाची, पाकिटे तर पावसाळ्यात इमल्शनला चिकटतातही.

आता कागदाविषयी. पाकिटावर ‘ॲसिड-फ्री’ छापलेले असणे पुरेसे नाही, हे ठामपणे सांगावेसे वाटते. कागद आम्लरहित असूनही त्यात गंधकाचा अंश, रंग किंवा आणखी काही रसायन असू शकते आणि ते चांदीशी भांडते. यासाठी फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट, म्हणजे पॅट, नावाची चाचणी आहे. ती अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने घडवली आणि आज तिचे आयएसओ १८९१६ हे मानक आहे. चाचणीत कागद दोन संवेदनशील थरांना लावून ७० अंश सेल्सियस आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात. एक थर प्रतिमा फिकी पडते का ते दाखवतो, दुसरा डाग पडतो का ते. विक्रेत्याकडे या चाचणीचा निकाल मागा. ‘म्युझियम क्वालिटी’ या शब्दाला त्याच्याशिवाय अर्थ नाही.

पीएच पेन स्वस्त आहे, पण त्याचा आवाका तेवढाच. कागदाच्या कातरणीवर रेघ ओढा; जांभळी आली तर कागद आम्लधर्मी नाही, पिवळी राहिली तर तो परत करा. जांभळी रेघ म्हणजे पॅट उत्तीर्ण असे मात्र समजू नका.

बफर्ड कागदात आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट हा अल्कलीधर्मी पदार्थ घातलेला असतो, अनबफर्डमध्ये तो नसतो. काळ्यापांढऱ्या काचेच्या निगेटिव्हना बफर्ड कागद चालतो. त्याच गठ्ठ्यातला कागद सायनोटाइपच्या निळ्या छापांना मात्र गुंडाळू नका, अल्कलीने तो निळा रंग उडतो. सायनोटाइपला अनबफर्डच.

पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांचा मोह होतो, कारण न उघडता चित्र दिसते. कागदावरच्या छापांना, कोरड्या खोलीत, ती उत्तम आहेत. काचेच्या प्लेटला नकोत. त्यांच्यावरची स्थिर वीज सुटलेले पापुद्रे ओढून घेते. शिवाय जुलैत कोकणपट्टीत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा जिलेटिन मऊ होऊन प्लास्टिकला चिकटते आणि त्यावर चकचकीत डाग उमटतात. ते निघत नाहीत. पीव्हीसीचे पाकीट तर कुठल्याच फोटोजवळ येऊ देऊ नका.

जाडीत ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद लेचापेचा पडतो, उभ्या प्लेटचा काठ त्यातून टोचतो. हाफ प्लेट आणि फुल प्लेट या जुन्या ठरावीक मापांच्या काचांसाठी १२० जीएसएम बरोबर बसतो. तयार लिफाफ्यांत सगळ्यात जास्त फसगत मापात होते. जुन्या काचा हाताने कापलेल्या असत, त्यामुळे एकाच खोक्यातल्या हाफ प्लेट्समध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक सहज निघतो. मधली चौकट प्लेटपेक्षा ३ मिमी मोठी हवी. कमी असेल तर घडी काठावर ताणली जाते, ५ मिमीच्या वर गेली तर प्लेट आत खुळखुळते. मागवण्याआधी निदान वीस प्लेट्स मोजा.

घरी कापायचा असेल तर हिशेब सोपा आहे. हाफ प्लेट साधारण १२ × १६.५ सेंमी. चौकट १२.३ × १६.८ आणि चारी पाकळ्या १० सेंमीच्या. ५६ × ७६ सेंमीच्या एका तावात दोन बसतात. घडीची रेघ हाडाच्या पट्टीने आधी दाबून घ्या. टोकदार सुरीने रेघ मारली तर कागद तिथेच फाटतो. तयार लिफाफ्यात या रेघा आधीच दाबलेल्या असतात. प्लेट्स शंभराच्या वर असतील तर तेवढ्यासाठी तयार माल घेणे परवडते, नाहीतर सगळा वेळ कापण्यातच जातो.

वापरताना क्रम पाळा. प्लेट घालण्याआधी पाकळीवर पेन्सिलीने क्रमांक लिहा, आत काच असताना कधीच नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, सुती मोज्यातून काच निसटते. काचेच्या बाजूची धूळ रबरी ब्लोअरने उडवा. इमल्शनला कापड लावू नका आणि कोलोडियनच्या (ड्राय प्लेटच्या आधीच्या पद्धतीच्या) प्लेटजवळ अल्कोहोल आणू नका, त्यात थरही विरघळतो आणि व्हार्निशही. प्लेट चौकटीत ठेवताना इमल्शन वर, म्हणजे जराशी सरकली तरी घासणे काचेच्या बाजूला होते. सगळ्या खोक्यात हीच दिशा ठेवा.

प्लेट्स लांब काठावर उभ्या ठेवायच्या. आडव्या रचल्या तर खालच्या काचेवर सगळ्यांचे वजन येते. १.५ मिमी जाडीची हाफ प्लेट सुमारे ७५ ग्रॅमची असते. १० सेंमी रुंदीच्या खोक्यात दर पाच प्लेट्समागे ताठ पुठ्ठ्याचा पडदा घालून ३५ प्लेट्स मावतात आणि लिफाफे, खोके धरून वजन सव्वातीन किलोच्या पुढे जाते. याहून मोठे खोके घेऊ नका, हातातून सुटते. अर्धे रिकामे खोके त्याहून वाईट: प्लेट्स तिरक्या होतात आणि कोपरे टवकतात. उरलेली जागा त्याच दर्जाच्या पुठ्ठ्याने भरा आणि खोके कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवा.

फुटलेल्या प्लेटला फोर-फ्लॅप चालत नाही. तुकडे एकमेकांवर घासतात आणि चिरेपाशी प्रतिमा झिजते. ती आडवी ठेवा: खाली पुठ्ठा, तुकड्यांमध्ये आणि भोवती काचेइतक्या जाडीच्या पट्ट्या, वर दुसरा पुठ्ठा, आणि बाहेर ठळक अक्षरांत ‘फुटलेली’. बारा-पंधरा इंची मोठ्या प्लेट्सही आडव्याच.

लिफाफ्याकडून एक अपेक्षा ठेवू नका: तो ओलावा अडवत नाही. काचेच्या प्लेट्सना ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. ६५ च्या पुढे बुरशी धरते. दिवसा एसी लावून रात्री बंद करणे सगळ्यात घातक, कारण रोज आर्द्रता वरखाली होते आणि जिलेटिन फुगून-आक्रसून काचेपासून सुटते. सुका कोरा कागदही पावसाळ्यात उघडा पडला तर दमट होतो, तेव्हा गठ्ठा बंद डब्यात ठेवा.

आणि जुनी पाकिटे टाकून देऊ नका. त्यांवर गिऱ्हाइकाचा क्रमांक, तारीख, कधी ‘३ कॉपी’ अशी सूचना असते, आणि प्लेटवरच्या माणसाची ओळख बहुतेकदा तिथेच लागते. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, त्यावरही प्लेटचाच क्रमांक घाला आणि ती वेगळ्या खोक्यात ठेवा. प्लेटच्या खोक्यात नाही, तो आम्लधर्मी कागद तिथून काढण्यासाठीच तर हे सगळे केले.