काझीरंगा की सोहरा: आठ दिवसांच्या रजेत कोणता फाटा धरावा

गुवाहाटीहून निघालेला महामार्ग जोराबाट येथे दुभंगतो. एक फाटा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून नगाव ओलांडून काझीरंग्याकडे जातो, तर दुसरा दक्षिणेकडे चढत शिलाँगला आणि तेथून पुढे सोहराला, म्हणजे शाळेच्या भूगोलात आपण ज्याला चेरापुंजी म्हणून पाठ केले त्या गावाला, पोहोचतो. मुंबई-पुण्याहून निसर्गासाठी म्हणून इकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या हाती जाण्यायेण्याचे दिवस धरून आठ दिवस असतात, आणि पर्यटन कंपन्यांची पत्रके या आठ दिवसांत दोन्ही फाटे, वर ब्रह्मपुत्रेतले माजुली बेट आणि बांगलादेश सीमेवरचे डावकी, असे सगळे बसवून देतात. कागदावर ते बसतेही. परंतु सोहराहून काझीरंग्याला जाण्यात अख्खा दिवस गाडीत जातो आणि उरलेल्या दिवसांत दोन्ही ठिकाणी घाईच होते. म्हणून ज्याला निवड करायची आहे, त्याच्यासाठी ही दोन ठिकाणे येथे शेजारी ठेवून पाहिली आहेत.

दोन्ही प्रदेश कर्कवृत्ताच्या उत्तरेस, उपोष्ण पट्ट्यात येतात आणि दोन्ही एकाच मोसमी पावसावर जगतात. मात्र त्या पावसाने दोन्हीकडे घडवलेला निसर्ग अगदी वेगळा आहे. काझीरंगा समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. तेथे पाणी पुराच्या रूपाने येते, गाळ टाकते, तळी भरते आणि गवत वाढवते. सोहरा तेराशे-चौदाशे मीटर उंचीच्या पठाराच्या कडेवर आहे; बांगलादेशाच्या सपाट भूमीवरून आलेले ढग त्या कड्यावर आदळतात आणि वर्षाकाठी अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस देऊन जातात. या फरकामुळे प्रवाशाने करायच्या गोष्टीही बदलतात. काझीरंगा हे प्रामुख्याने गाडीत बसून पाहायचे ठिकाण आहे आणि सोहरा हे पायांनी पाहायचे. निवडीचा पहिला निकष माझ्या मते हाच असावा. खर्च, हॉटेल आणि अंतर हे सर्व त्यानंतर येते.

काझीरंग्याचे चार मुख्य विभाग आहेत: कोहोरा, बागोरी, आगरातोली आणि बुरापहाड. उघड्या जिप्सीतून सकाळी आणि दुपारी अशा दोन फेऱ्या होतात, आणि निरीक्षण मनोऱ्यासारख्या ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून खाली उतरता येत नाही. गेंडे पाहण्यासाठी बागोरी सर्वांत खात्रीचे आहे. पक्ष्यांसाठी आगरातोली, कारण त्या बाजूला पाणथळे मोठी आहेत. कोहोरा मध्यवर्ती असल्याने तेथे राहण्याची सोय भरपूर आणि त्याच प्रमाणात गाड्यांची गर्दीही भरपूर. चार फेऱ्या करायच्या असतील, तर दोन बागोरीला, एक आगरातोलीला आणि एक कोहोराला, असा हिशेब ठेवावा. बुरापहाड डोंगराळ आहे आणि तेथे जाणाऱ्यांची संख्या कमी असते; पहिल्या भेटीत ते वगळले तरी चालेल.

ताडोबाची सवय असलेल्या मराठी पर्यटकाला येथे एक सुखद धक्का बसतो. ताडोबात फेरीचे यशापयश बहुधा वाघावर ठरते, आणि वाघ दिसला नाही तर परतीच्या गाडीत शांतता असते. काझीरंग्यातही वाघ शंभरावर आहेत, पण उंच गवतामुळे ते क्वचितच दिसतात, आणि त्यामुळे येथे कोणी वाघासाठी तळमळत बसत नाही. एकाच तळ्याच्या काठी गेंडा, रानम्हैस, पाडा हरणांचा कळप आणि मागे हत्ती, असे दृश्य येथे अपवाद नसून नित्याचे आहे. २०२२च्या गणनेत येथे २६१३ एकशिंगी गेंडे नोंदले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी या परिसरात मोजकेच गेंडे उरले होते आणि १९०८मध्ये हे क्षेत्र राखीव वन झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. चांगला वाटाड्या वाटेत गेंड्याच्या शेणाच्या ढिगाजवळ मुद्दाम गाडी थांबवतो. गेंडा ठरावीक जागीच वारंवार येऊन शेण टाकतो, आणि हीच सवय हेरून शिकारी त्याच्यासाठी दबा धरून बसत, ही गोष्ट त्या ढिगापाशी ऐकली की गवताकडे पाहण्याची नजर बदलते.

हत्तीवरून फेरीचा पर्यायही कोहोरा आणि बागोरीला भल्या पहाटे असतो. गेंडा त्यातून जवळून दिसतो हे खरे. परंतु फेरी छोटी असते, आणि पर्यटकांना पाठीवर वाहून नेण्यासाठी हत्ती राबवावा का, हा प्रश्न ज्याला टोचतो त्याने जिप्सीवर समाधान मानावे. माझा कौलही तिलाच आहे.

काझीरंग्याला जाणाऱ्याने जोडीला एक गोष्ट मात्र आवर्जून करावी. जोरहाटजवळ मरियानीपाशी होलोंगापार हे सुमारे २१ चौरस किलोमीटरचे छोटे अभयारण्य चहाच्या मळ्यांनी चहूबाजूंनी वेढलेले आहे, आणि त्यातून चक्क लोहमार्ग जातो. तेथे वनरक्षकासोबत पायी हिंडता येते. हुलॉक गिबन, म्हणजे भारतात आढळणारा शेपटीविना कपि, तेथे राहतो. सकाळी नर-मादी उंच झाडांवरून एकमेकांच्या सुरात सूर मिसळून हाका घालतात आणि त्या हाकांच्या दिशेने वनरक्षक आपल्याला नेतो. गिबन जमिनीवर सहसा उतरत नाही, एका फांदीवरून दुसरीवर झोके घेत जातो. त्यामुळे रुळांनी या कळपांच्या वाटा कशा तोडल्या असतील, हे कोणी समजावून न सांगताही ध्यानात येते. गाडीतून चार फेऱ्या केल्यावर ज्याचे पाय आखडले आहेत, त्याला ही दोन तासांची पायपीट फार सुखाची वाटते. दिसण्याची हमी अर्थात नाही, आणि पावसाळ्याच्या आगेमागे जळवा असतात, म्हणून पँट मोज्यांत खोचून जावे.

सोहराच्या बाजूला गेल्यावर प्राणी पाहण्याची अपेक्षा गुवाहाटीलाच ठेवून यावी. मेघालयात वन्यजीव आहेत, पण पर्यटकाच्या वाटेवर ते भेटत नाहीत. येथे पाहायचे ते दगड, पाणी, झाड आणि त्यांच्याशी माणसाने केलेला व्यवहार. त्यातले सर्वांत विलक्षण म्हणजे जिवंत मुळांचे पूल, ज्यांना खासी भाषेत ‘जिंगकिएंग ज्री’ म्हणतात. इतक्या पावसात बांबू कुजतो आणि लोखंड गंजते, म्हणून खासी आणि जयंतिया लोकांनी रबरवडाची हवेत लोंबणारी मुळे पोफळीच्या पोकळ केलेल्या खोडांतून किंवा बांबूच्या आधाराने ओढ्यापलीकडे नेली आणि तिकडच्या जमिनीत रुजवली. असा पूल माणसाचे वजन पेलू लागायला दीड-दोन दशके आणि कधी त्याहून अधिक काळ लागतो. परंतु त्यानंतर तो दर पावसाळ्यात अधिक भक्कम होत जातो. लावणाऱ्याने तो मुख्यतः पुढच्या पिढीसाठी लावलेला असतो.

नोंगरियात गावातला दुमजली पूल सर्वांत प्रसिद्ध आहे आणि निवड करणाऱ्याने सर्वांत जास्त विचार याच्याबद्दलच करावा. तिरना गावापासून तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतरून तेथे जावे लागते, वाटेत तारांचे झुलते पूल ओलांडावे लागतात, आणि परतताना त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. सिंहगड किंवा राजगड नेमाने चढणाऱ्याला हे अवघड नाही. पण आपल्याकडे गडावर आधी चढण आणि मग उतरण असते, येथे क्रम उलटा आहे, त्यामुळे थकलेल्या पायांवर चढण येते. शिवाय खोरे पठाराच्या बरेच खाली असल्याने हवा दमट आणि गरम असते. शिलाँगची थंडी गृहीत धरून स्वेटर चढवून उतरलेले लोक अर्ध्या वाटेत घामाघूम होतात. एका दिवसात जाऊन येणे शक्य असले, तरी गावातल्या एखाद्या घरगुती निवासात रात्र काढावी. सकाळी उठून पुढे इंद्रधनुष्य धबधब्यापर्यंत जाता येते, आणि पायऱ्यांची चढण उन्हाआधी सुरू करता येते. गावाभोवतीच्या पोफळींच्या सावलीत बसल्यावर कोकणातल्या माणसाला क्षणभर आपल्याच आगरात आल्यासारखे वाटेल. सुपारीला तेथे ‘क्वाई’ म्हणतात आणि पाहुण्याला ती आवर्जून दिली जाते. ती ओली आणि जोरकस असते, सवय नसेल तर पहिला तुकडा लहानच घ्यावा.

ज्यांच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही त्यांनी खट्टू होऊ नये. मावलिननोंगजवळच्या रिवाई गावातला मुळांचा पूल थोड्याच पायऱ्या उतरून पाहता येतो. तेथे गर्दी असते आणि निवांतपणा मिळत नाही, पण मुळे तीच आहेत.

माझ्या मते मेघालयात मराठी माणसाने चुकवू नये अशी जागा धबधब्यांपेक्षाही मावफ्लांगची देवराई आहे. शिलाँगपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या या राईतून पान, काटकी, दगड, काहीही बाहेर न्यायचे नाही, असा नियम आहे, आणि गावातला वाटाड्या सोबत घेऊनच आत जायचे असते. आत प्राचीन विधींचे उभे दगड आहेत, शेवाळाने भरलेली खोडे आहेत आणि झाडांवर आमरी (ऑर्किड) लगडलेल्या आहेत. बाहेर पाऊल टाकले की एकदम उघडे गवताळ माळ लागतात, आणि ती सीमारेषा इतकी ठळक असते की श्रद्धेने काय राखले ते चालता चालता दिसते. सह्याद्रीतल्या देवराया पाहिलेल्याला यातले बरेच ओळखीचे वाटेल. ही फेरी तासाभराची आणि सपाट आहे, त्यामुळे वयस्कर मंडळीही ती सहज करू शकतात. गुहांचे मात्र तसे नाही. मावस्माईची गुहा दिवे लावलेली आणि छोटी असली तरी काही ठिकाणी अंग चोरून जावे लागते. ज्याला बंद जागेची भीती आहे त्याने बाहेरच थांबावे.

आता खरी अडचण, म्हणजे ऋतू. पुरामुळे काझीरंगा साधारण मे ते ऑक्टोबर पर्यटकांसाठी बंद असते. ते उघडते तेव्हा हत्तीगवत माणसाच्या डोक्यावरून उंच वाढलेले असते आणि गाडीपासून दहा हातांवरचा गेंडाही त्यात दिसेनासा होतो. जानेवारी-फेब्रुवारीत वनखाते टप्प्याटप्प्याने हे गवत जाळते. त्यानंतर कोवळे कोंब फुटतात, प्राणी चरायला उघड्यावर येतात, आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिलचा आरंभ हा पाहण्याचा सर्वोत्तम काळ ठरतो. पाहुणे पक्षी हवे असतील तर मात्र डिसेंबर-जानेवारीत यावे. सोहराचे गणित याच्या नेमके उलट आहे. तेथला नोहकालिकाई धबधबा, जो ३४० मीटर कोसळतो, पावसाळ्यात रौद्र असतो, पण तेव्हा धुक्यामुळे तो दिसेलच असे नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये पाणीही असते आणि आकाशही मोकळे असते. मार्चपर्यंत त्याची बारीक धार उरते. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असलेल्या या गावात हिवाळ्याच्या अखेरीस लोक पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करतात, हे ऐकून कोणी चकित झाले तर त्याने सह्याद्रीच्या माथ्यावरची एप्रिलमधली गावे आठवावीत. तेथेही खडक पाणी धरत नाही, येथेही धरत नाही. डावकीची उमनगोत नदी, जिच्यात नाव हवेत तरंगल्यासारखी दिसते असे छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते, ती नोव्हेंबर ते मार्चमध्येच तशी नितळ असते. पावसाळ्यात ती गढूळ वाहते.

त्यामुळे रजा कधी मिळते यावर पुष्कळसा निर्णय आपोआप होतो. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्याने सोहराचा फाटा धरावा: शिलाँगला एक रात्र, सोहराला दोन, नोंगरियातला एक आणि डावकीच्या बाजूला एक, असा क्रम ठेवावा, आणि त्यात रविवार शिलाँगला येईल असे पाहावे, कारण खासी गावांत रविवारी चर्चमुळे बरेच व्यवहार बंद असतात. शाळांच्या वार्षिक परीक्षा ज्यांच्या घरात नाहीत, किंवा जे निवृत्त आहेत, त्यांनी मार्चची वाट पाहून काझीरंगा निवडावा. उन्हाळ्याच्या सुट्टीतच निघता येत असेल, तर मेच्या मध्यावर काझीरंगा बंद असण्याची शक्यता असल्याने पुन्हा सोहराच उरतो, आणि तोही रेनकोटासह.

नोव्हेंबरात दोन्ही पाहण्याचा मोह होतो. तसे करणाऱ्याने काझीरंग्यात गवत उंच असणार हे मान्य करूनच जावे, आणि मेघालयासाठीचे दिवस चारपेक्षा कमी करू नयेत.

खर्चाबाबत एवढेच की काझीरंग्यात जिप्सीचे भाडे गाडीमागे असते, म्हणून चार-पाच जणांच्या गटाला ते परवडते आणि जोडप्याला जड जाते. मेघालयात मुख्य खर्च दिवसभराच्या टॅक्सीचा असतो, पण नोंगरियातची पायवाट, जी तेथली सर्वांत मोठी गोष्ट आहे, जवळपास फुकट आहे. दोन्हीकडे घड्याळाचा एक धडा समान आहे. भारतीय प्रमाणवेळ एकच असल्याने येथे सूर्य आपल्यापेक्षा फार लवकर उगवतो आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास मावळतो. आसामच्या चहामळ्यांत तर घड्याळ तासभर पुढे ठेवून चालणारी ‘बागान टाइम’ची प्रथाच आहे. आपल्या सवयीप्रमाणे नऊला न्याहारी करून निघणारा माणूस काझीरंग्यात सकाळची फेरी हुकवतो, आणि तिरनाला पोहोचेपर्यंत त्याच्या हाती परतण्यापुरता उजेड उरत नाही.

आईवडील सोबत असतील आणि ते सत्तरीच्या पुढचे असतील, तर मी ऋतूचा विचार करून काझीरंगाच सुचवीन, आणि परतीचे विमान गुवाहाटीऐवजी जोरहाटहून पाहावे असे म्हणेन. कोहोराहून ते शंभर किलोमीटरच्या आत आहे, होलोंगापारही त्याच बाजूला येते, आणि शेवटच्या दिवसाचा पाच तासांचा रस्ता वाचतो.